पारंपरिक धनुष्यासाठी कार्बन बाण कसे जुळवावेत

माझे पहिले डझनभर कार्बन बाण मी तयार विकत घेतले होते. ४०० स्पाइन (शाफ्टच्या, म्हणजे बाणाच्या दांड्याच्या, ताठपणाचा आकडा), २८ इंचांवर कापलेले, पुढे १०० ग्रेनचे (वजनाचं बारीक माप) पॉइंट, म्हणजे धातूची टोकं. धनुष्य होतं ६२ इंची टेकडाउन रिकर्व्ह (सुटं करता येणारं, टोकं पुढे वळलेलं), ओढायला ४० पाउंडांचं. बाण सुटताना रायझरवर, म्हणजे धनुष्याच्या मधल्या मुठीच्या भागावर, 'टक्' असा आवाज यायचा, शेपूट हलवत तो जायचा आणि वीस पावलांवरून मारलेले सगळे बाण डावीकडे जमायचे. तीन महिने मी बोटं, कोपर, खांदा सुधारत राहिलो. शेवटी सरावाला येणाऱ्या एका ज्येष्ठ तिरंदाजांनी बाण हातात घेतला, दोन्ही टोकं धरून जरासा वाकवून पाहिला आणि म्हणाले, "अहो, हा तुमच्या धनुष्याचा बाणच नाही."

तो डझन पुढे कधीच जुळला नाही. जड पॉइंट लावून पाहिले, थोडा फरक पडला, पण बाण मुळात फार ताठ होता आणि लांबी आधीच कापलेली होती. कापलेला कार्बन परत जोडता येत नाही. म्हणून या लेखातली सगळी पद्धत एका गोष्टीवर उभी आहे: पूर्ण लांबीच्या, थोड्या मऊ बाणापासून सुरुवात करायची आणि धनुष्य सांगेल तेवढंच कापायचं.

इथे मी गृहीत धरतोय की तुम्ही उजव्या हाताने दोरी ओढता, तीन बोटांनी सोडता आणि बाण थेट धनुष्याच्या शेल्फवरून, म्हणजे मुठीच्या वरच्या खाचेतल्या कट्ट्यावरून, मारता. धनुष्य रिकर्व्ह असो वा लाँगबो (लांब, टोकं न वळलेलं). डावखुऱ्यांनी सगळीकडे डावं-उजवं उलटं वाचावं. अंगठ्याने ओढायचं आशियाई धनुष्य असेल तर उजव्या हाताच्या तिरंदाजाचा बाण धनुष्याच्या उजव्या अंगाला बसतो, त्यामुळे तिथेही दिशा उलट्या होतात.

महाराष्ट्रात आज तिरंदाजी म्हटलं की २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत वैयक्तिक सुवर्ण जिंकणारे अदिती स्वामी आणि ओजस देवतळे डोळ्यांसमोर येतात. ते कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं, धनुष्य वापरतात. तिथे दोरी यांत्रिक रिलीजने सुटते, बाण जवळजवळ मध्यरेषेत असतो, त्यामुळे तो बाजूला फारसा वाकत नाही. त्या धनुष्यासाठी तयार केलेले स्पाइनचे तक्ते आणि कागद फाडून बघायची चाचणी आपल्याला तशीच्या तशी लागू पडत नाही. नवीन माणूस सर्वात जास्त फसतो तो इथेच.

बाण वाकतो म्हणून सरळ जातो

शेल्फवर बाण ठेवून दोरी अर्धवट ओढा आणि वरून बघा. बाणाचं टोक निशाण्याच्या थोडं डावीकडे रोखलेलं दिसेल, कारण मध्ये धनुष्याची जाडी आहे. तरीही जुळलेला बाण सरळ जातो. बोटांवरून घरंगळताना दोरी किंचित बाजूला सरकते, मागून जोराचा धक्का बसतो, पुढचं वजन जागचं हलायला तयार नसतं आणि मधला शाफ्ट काठीसारखा वाकतो. मग उलट्या दिशेला वाकतो. या हेलकाव्याचा ताल बरोबर असेल तर शेपूट धनुष्याला न शिवता पुढे निघून जातं. यालाच तिरंदाजीत 'आर्चर्स पॅराडॉक्स' म्हणतात.

शाफ्टवर छापलेला आकडा म्हणजे स्थिर स्पाइन. शाफ्ट २८ इंच अंतरावरच्या दोन आधारांवर ठेवून मधोमध १.९४ पाउंड, म्हणजे ८८० ग्रॅम वजन टांगलं आणि तो ०.६०० इंच झुकला, तर तो ६०० चा शाफ्ट. आकडा मोठा तितका शाफ्ट मऊ. लाकडी बाणांचं स्पाइन २६ इंचांवर २ पाउंड टांगून मोजतात आणि पाउंडांत सांगतात, तेव्हा दोन्ही आकड्यांची सरमिसळ करू नका.

धनुष्यातून सुटताना बाण प्रत्यक्ष किती वाकतो ते गतिमान स्पाइन, आणि आपण जुळवतो ते हेच. बाण लांब ठेवला की तो मऊ वागतो. पुढे वजन वाढवलं की मऊ वागतो. मागे वजन वाढवलं की थोडा ताठ वागतो. धनुष्याचा जोर वाढला की तोच बाण मऊ वाटतो. शेल्फच्या बाजूची पट्टी, जिला बाण कडेने टेकतो ती, जाड केली, म्हणजे बाण मध्यरेषेपासून आणखी बाहेर ढकलला, की तोच बाण ताठ वाटतो. एवढं पाठ झालं की पुढचं काम अंदाजाचं राहत नाही.

आधी धनुष्य, मग बाण

लिंबवर, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यावर, लिहिलेले पाउंड सहसा २८ इंचांच्या खेचीचे असतात, आणि तुमची खेच बहुधा २८ नसते. एक लांब बाण घ्या, नेहमीसारखा अँकरपर्यंत (चेहऱ्यावर हात टेकवायची ठरलेली जागा) ओढा आणि दुसऱ्या कुणाला तरी धनुष्याच्या पुढच्या कडेशी बाणावर मार्करने खूण करायला सांगा. नॉकच्या, म्हणजे दोरीत अडकणाऱ्या मागच्या टोपणाच्या, खाचेपासून त्या खुणेपर्यंतचं अंतर म्हणजे कामापुरती तुमची खेच. एकदाच मोजू नका. पाच-सहा वेळा, अंग गरम झाल्यावर मोजा. पहिल्या दोन वेळा प्रत्येकजण जरा जास्तच ओढतो.

मग प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकवाला डिजिटल काटा घ्या, तो दोरीला अडकवा आणि खुणेपर्यंत ओढा. माझ्या ४० पाउंडांच्या धनुष्यावर माझ्या २७.५ इंचांच्या खेचीला ३९ पाउंड भरले. काटा किलो दाखवत असेल तर २.२ ने गुणा. एक इंच कमी-जास्त ओढलं की साधारण दोन-तीन पाउंडांचा फरक पडतो. म्हणूनच ज्याचा अँकर अजून रोज बदलतो त्याने बाण जुळवायला घाई करू नये. सकाळी २७ आणि संध्याकाळी २८ ओढणाऱ्याला एकच बाण सकाळी ताठ आणि संध्याकाळी मऊ वाटणार. अशा वेळी शाफ्ट कापत बसलात तर दोष बाणात नसतानाही बाण वाया जाईल.

ब्रेस हाइट, म्हणजे दोरीपासून हँडलच्या खोल भागापर्यंतचं अंतर, निर्मात्याने सांगितलेल्या मर्यादेत ठेवा. रिकर्व्हला ते सहसा साडेसात ते साडेआठ इंच असतं, लाँगबोला त्याहून कमी. दोरीला पीळ वाढवला की ते वाढतं. चार-पाच पीळ वाढवा, सहा बाण मारा, पुन्हा चार-पाच वाढवा. जिथे धनुष्याचा आवाज सर्वात शांत आणि हाताला झटका सर्वात कमी, ती जागा धरा आणि वहीत लिहून ठेवा. त्यानंतर ब्रेस हाइटला हात लावायचा नाही. दोरी नवीन असेल तर ती थोडी ताणते, तेव्हा शंभरएक बाण मारून झाल्यावर पुन्हा मोजा.

दोरी डेक्रॉनची आहे की कमी ताणणाऱ्या आधुनिक धाग्याची, हेही लिहून ठेवा. आधुनिक धाग्याची दोरी बाणाला जास्त वेग देते, म्हणजे तोच बाण जरा मऊ वाटतो. मात्र जुन्या धनुष्याची लिंबची टोकं त्या दोरीसाठी मजबूत केलेली नसतील तर ती लावू नका, टोकं फुटतात.

कोणता शाफ्ट घ्यायचा

शेल्फ मध्यरेषेपर्यंत पूर्ण कापलेला नसेल आणि खेच २७ ते २८ इंच असेल, तर माझा अनुभव असा: हातावर येणारा जोर ३० ते ३७ पाउंड असेल तर ७०० किंवा ६००, ३८ ते ४४ ला ६०० किंवा ५००, ४५ ते ५५ ला ५०० किंवा ४००. दोन आकड्यांत अडलात तर मऊ शाफ्ट घ्या. मऊ बाण कापून ताठ करता येतो. ताठ बाण मऊ करायला फक्त पुढचं वजन उरतं, आणि त्याला मर्यादा आहे.

एकदम डझन घेऊ नका. एकाच प्रकारचे सहा पूर्ण लांबीचे शाफ्ट पुरे, त्यांतले तीन जुळवण्यासाठी. सरळपणाच्या बाबतीत ०.००६ इंचाचा साधा शाफ्ट बोटांनी मारणाऱ्याला भरपूर झाला, ०.००१ वाल्यासाठी जादा पैसे घालू नका. ते पैसे पॉइंटवर घाला. स्क्रू होणारे १००, १२५, १४५, १७५ आणि २०० ग्रेनचे दोन-तीन पॉइंट हाताशी असले की अर्धं काम सोपं होतं. ग्रेन हे फार लहान माप आहे. १ ग्रॅम म्हणजे १५.४३ ग्रेन, त्यामुळे १२५ ग्रेनचा पॉइंट जेमतेम ८ ग्रॅम भरतो. सोनारकामाचा खिशातला डिजिटल काटा यासाठी उत्तम. बहुतेक काट्यांवर ग्रेनचं एककही असतं.

स्पर्धेत उतरायचं असेल तर नियमपुस्तक आधी उघडा. जागतिक तिरंदाजी महासंघाच्या लाँगबो प्रकारात लाकडी बाणच चालतात, आणि कुठलाही बाण असला तरी शाफ्टचा व्यास ९.३ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. आपल्याकडच्या इंडियन राउंडमध्येही बांबूच्या धनुष्याबरोबर लाकूड-बांबूचेच बाण असतात. लाकडी बाण मलाही मनापासून आवडतात. पण जून ते सप्टेंबर कोकणातल्या हवेत ते सरळ ठेवणं हा रोजचा उद्योग होऊन बसतो. कार्बन दमट हवेने वाकत नाही, आणि एकदा जुळवलेला बाण पुढच्या वर्षीही तसाच राहतो.

शाफ्ट तयार करणं

तीन शाफ्ट पूर्ण लांबीचेच ठेवा. पुढच्या टोकाची कड आधी सरळ करून घ्या: टोकाला मार्करने काळं करा, सपाट फरशीवर बारीक सँडपेपर ठेवून शाफ्ट अगदी उभा धरून हलकेच फिरवा. काळा रंग सगळीकडून सारखा गेला की कड काटकोनात आली. तिरकी कड असेल तर इन्सर्ट (पॉइंट स्क्रू करायची आतली नळी) तिरका बसतो आणि बाण फिरवताना टोक डगमगतं.

इन्सर्ट सध्या कमी तापमानाच्या हॉटमेल्ट गोंदाने बसवा. ज्योत कार्बनला कधीच दाखवायची नाही, आतला रेझिन जळतो आणि शाफ्ट आतून कमजोर होतो, बाहेरून काही कळतही नाही. पक्कडीत धरून इन्सर्ट तापवा, त्यावर गोंद फिरवा आणि फिरवत-फिरवत आत ढकला. काढायचा झाला तर टोक कडकडीत गरम पाण्यात धरा आणि पक्कडीने ओढा. सगळं जुळल्यावर मग इपॉक्सी.

नॉक दोरीवर किती घट्ट बसतो तेही आताच बघा. बाण दोरीला अडकवून खाली लोंबकळत सोडा. तो स्वतःहून पडता कामा नये, पण दोरीवर बोटाने हलकी टिचकी मारली की पडला पाहिजे. घट्ट नॉक बाणाला सोडतच नाही, आणि मग पुढच्या सगळ्या चाचण्या चुकीचं सांगतात.

सर्वात आधी नॉकची उंची

बिनपिसांच्या बाणाला तिरंदाज 'बेअर शाफ्ट' म्हणतात. पिसं बाणाच्या चुका झाकतात, बेअर शाफ्ट त्या उघड्या पाडतो. तुलनेसाठी पिसं लावलेले तीन बाण लागतात. ते तुमचे जुने असले तरी चालतील, वजन साधारण जवळपास असलं म्हणजे झालं.

मागे पिसांएवढं वजन हवं. पाच इंची तीन पिसं मिळून साधारण १० ग्रेन भरतात, म्हणून तेवढ्या वजनाची इन्सुलेशन टेप बेअर शाफ्टच्या मागच्या भागाला गुंडाळा.

निशाणा मऊ हवा. मी गोणपाटात जुन्या कपड्यांच्या चिंध्या ठासून भरतो, हे पोतं बेअर शाफ्टसाठी फोमच्या घट्ट ठोकळ्यापेक्षा चांगलं. तिरका शिरणारा बाण घट्ट फोममध्ये अडकला की मध्येच मोडू शकतो. मागे मातीचा बांध किंवा भिंत असू द्या, आणि त्या दिशेला माणूस-जनावर येणार नाही याची खात्री करा. सुरुवात सहा-सात मीटरवरून.

आता नॉकिंग पॉइंट, म्हणजे दोरीवर नॉक बसायची जागा. टी-स्क्वेअर (T आकाराची मोजपट्टी) दोरीला लावून शेल्फच्या पातळीपासून १६ मिलिमीटर वर, म्हणजे मुद्दाम जरा जास्त उंचावर, दंतधाग्याने किंवा सर्व्हिंगच्या (दोरीवर गुंडाळायच्या) धाग्याने गाठ बांधा. धाग्याची गाठ फिरवून वर-खाली सरकवता येते, म्हणून पितळी क्लिपपेक्षा मला तीच आवडते. नॉकच्या खालीही एक गाठ हवी, नाहीतर तीन बोटं बाणाखाली ठेवणाऱ्यांचा नॉक सोडताना खाली घसरतो.

उंचावरून सुरुवात का? नॉक फार खाली असला तर बाणाची शेपटी शेल्फवर आपटून वर उडते, आणि तुम्हाला वाटतं नॉक वर आहे. तुम्ही तो आणखी खाली घेता, बाण आणखी आपटतो. या चक्रात लोक आठवडे घालवतात. उंचावरून खाली येत गेलात तर हा गोंधळ होतच नाही.

पिसांचे तीन बाण आणि तीन बेअर शाफ्ट मारा. बेअर शाफ्ट पिसांच्या बाणांच्या खाली लागले तर नॉकिंग पॉइंट वर आहे, तो खाली घ्या. वर लागले तर खाली आहे, वर घ्या. एका वेळी दीड-दोन मिलिमीटर, त्याहून जास्त नको. डावं-उजवं या टप्प्यावर पूर्ण दुर्लक्षित करा, ते सुधारायचा मोह होतो तरीही. वर-खालीचं जमेपर्यंत बाण शेल्फवर घासत असतो, आणि घासणाऱ्या बाणाचं डावं-उजवं खरं नसतं. अंतर वाढवत १५ मीटरपर्यंत जा. दोन्ही गट एका पातळीवर आले की थांबा. माझ्या धनुष्यावर हे १३ मिलिमीटरवर आलं.

आता डावं-उजवं

उजव्या हाताच्या तिरंदाजासाठी बेअर शाफ्ट पिसांच्या बाणांच्या डावीकडे लागला तर बाण ताठ, उजवीकडे लागला तर मऊ. बाण कुठे लागला ते बघा. निशाण्यात तो कुठल्या कोनात उभा आहे यावर भरवसा ठेवू नका. पोत्यात, गवतात किंवा फोममध्ये शिरताना कोन बदलतो.

पूर्ण लांबीचा मऊ शाफ्ट घेतला असेल तर बाण उजवीकडेच लागायला हवेत. तसं झालं तर आनंद माना, गाडी बरोबर रस्त्यावर आहे. मी ६०० चे ३१ इंची शाफ्ट, १४५ ग्रेनचा पॉइंट लावून मारले, तेव्हा १५ मीटरवर बेअर शाफ्ट पिसांच्या गटापासून जवळजवळ वीतभर उजवीकडे होते.

तीन बाणांवर निर्णय घेऊ नका. पाच-सहा फेऱ्या मारा, ज्या बाणाचं सोडणं चुकल्याचं हाताला कळलं तो मोजू नका, आणि दुसऱ्या दिवशी ताज्या अंगाने पुन्हा करा. थकलेल्या खांद्याने खेच आखूड होते, जोर कमी होतो आणि बाण ताठ वाटू लागतो. संध्याकाळी दमून कापलेला शाफ्ट सकाळी पश्चात्ताप देतो. माझ्याकडून असा एक गेला आहे.

खोटं उत्तर ओळखा

सगळ्यात अवघड भाग हा. बाण फारच ताठ असला तर तो धनुष्याला वळसा घालूच शकत नाही. त्याची शेपटी रायझरच्या बाजूला आपटते, तिथून डावीकडे फेकली जाते आणि बाण उजवीकडे वळतो. म्हणजे ताठ बाण मऊ असल्यासारखा दिसतो. तुम्ही मऊ समजून तो कापता, तो आणखी ताठ होतो, आणखी जोरात आपटतो.

म्हणून कापण्याआधी दोन गोष्टी करा. शाफ्टच्या मागच्या फूटभर भागावर आणि नॉकवर टाल्कम पावडर लावा, किंवा बाजूच्या पट्टीवर लिपस्टिकचा पातळ थर द्या, आणि एक बाण मारा. पट्टीवर किंवा शेपटीवर घासल्याची खूण उमटली तर बाण आपटतोय. दुसरी, आणि जास्त खात्रीची, चाचणी म्हणजे पॉइंट बदलणं. बाण मऊ दिसतोय? मग मुद्दाम ५० ग्रेन जास्तीचा पॉइंट लावा. बाण खरंच मऊ असेल तर तो आणखी उजवीकडे जाईल. उलट सुधारला, मध्याकडे आला, आवाज शांत झाला, तर तो मऊ नव्हताच, ताठ होता आणि खोटं सांगत होता. माझ्या त्या पहिल्या डझनातल्या दोन बाणांची पिसं काढून पुढे मी ही चाचणी केली. १०० ऐवजी २०० ग्रेन लावल्यावर 'टक्' नाहीसा झाला. तेव्हा कळलं की तीन महिने माझी बोटं निर्दोष होती.

किती आणि कसं कापायचं

बाण मऊ असल्याची खात्री झाली की तिन्ही बेअर शाफ्टमधून ६ मिलिमीटर, म्हणजे पाव इंच कापा. मारा. पुन्हा पाव इंच. पिसांच्या गटापासूनचं अंतर निम्म्यावर आलं की एका वेळी ३ मिलिमीटरच. शेवटच्या टप्प्यात बाण फार झपाट्याने बदलतो, तेव्हा घाई नको.

एक सोय सांगतो. पुढे इन्सर्ट चिकटवलेला आहे आणि मागचा नॉक नुसता दाबून बसवलेला असतो. म्हणून नॉक काढून मागच्या टोकाकडून कापा, इन्सर्टला हात लावावा लागत नाही. दर वेळी कड सँडपेपरवर सरळ करायला मात्र विसरू नका.

कापायला वेगाने फिरणारी पातळ घासणारी चकतीच हवी, रोटरी टूलवर लावलेली असली तरी चालेल. हॅकसॉने किंवा पाइप कटरने कापू नका, तंतू चिरत जातात आणि तो शाफ्ट पुढे कधीही फुटू शकतो. कापायची जागा चिकटपट्टीने गुंडाळा, चकती लावून शाफ्ट हळूहळू फिरवत कापा. कार्बनची धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नका: एन-९५ मास्क, चष्मा, अंगभर बाह्यांचा शर्ट, काम घराबाहेर, आणि नंतर ओल्या फडक्याने पुसणं. झाडून ती नुसती उडते. घरात लहान मूल असेल तर ते फडकं लगेच पिशवीत बांधून टाका.

लांबीची एक खालची मर्यादा आहे. पूर्ण ओढल्यावर शाफ्ट धनुष्याच्या पुढच्या कडेच्या निदान एक इंच पुढे राहिला पाहिजे. त्याहून आखूड बाण शेल्फवरून मागे घसरून हातात शिरू शकतो. २७.५ इंच खेचीसाठी माझी मर्यादा २८.५ इंच. तिथपर्यंत येऊनही बाण मऊच असेल तर कापणं थांबवा, पॉइंट हलका करा किंवा पुढचा ताठ शाफ्ट घ्या.

चुकून थोडं जास्त कापलं गेलं तर घाबरू नका. २५ ग्रेनने जड पॉइंट लावा, किंवा इन्सर्ट पितळी लावा, तो ५०, ७५, १०० ग्रेनचा मिळतो. शेल्फच्या बाजूची पट्टी जाड असेल तर पातळ चामड्याची लावा, बाण मध्यरेषेकडे सरकतो आणि कमी ताठ वागतो. उलट, किंचित मऊ राहिलेला बाण शेवटच्या टप्प्यात पट्टीखाली एक काडी सरकवूनही ताळ्यावर आणता येतो. पण हे दोन्ही धनुष्यातले बदल आहेत, तेव्हा त्या धनुष्यावरचे बाकीचे बाणही त्याने हलतील.

माझे बाण २९.५ इंचांवर थांबले. १८ मीटरवर बेअर शाफ्ट पिसांच्या गटाच्या तीन-चार बोटं उजवीकडे होते, म्हणजे किंचित मऊ. मी तिथेच थांबलो. बोटांनी मारताना रोज एकसारखा जोर कुणाचाच लागत नाही, आणि अगदी काठावरच्या ताठ बाणापेक्षा किंचित मऊ बाण अशा चुका जास्त सांभाळून घेतो.

वजन आणि तोल

आता एक तयार बाण तोला. एकूण ग्रेन भागिले तुमच्या हातावरचे पाउंड, हे उत्तर आठच्या खाली नसावं. त्याहून हलका बाण धनुष्याला जवळजवळ रिकाम्या दोरीसारखा झटका देतो. मी दहाच्या आसपास ठेवतो. माझा बाण पिसांसह ३९८ ग्रेन, म्हणजे पावणेसव्वीस ग्रॅमच्या वर. भागिले ३९, उत्तर १०.२.

बाण बोटावर तोलून तोलबिंदू शोधा आणि नॉकच्या खाचेपासून मोजा. त्यातून निम्मी लांबी वजा करा, एकूण लांबीने भागा, शंभरने गुणा. माझा तोल २० इंचांवर: २० वजा १४.७५, भागिले २९.५, म्हणजे तोलबिंदू मध्यापासून जवळजवळ १८ टक्के पुढे. १२ ते २० मध्ये काहीही आलं तरी चालतं. या आकड्यासाठी जुळलेला बाण बिघडवू नका.

पिसं

शेल्फवरून मारायचं तर खरी पिसंच हवीत. ती शेल्फला लागली तरी दबतात, प्लॅस्टिकच्या पात्या दबत नाहीत आणि बाण उडवतात. चार किंवा पाच इंची तीन पिसं, जिगमध्ये (पिसं चिकटवायच्या साच्यात) हलका पीळ देऊन. टर्कीची पिसं उजव्या किंवा डाव्या पंखाची असतात, एका बाणावर दोन्ही मिसळू नका. तिन्हींपैकी वेगळ्या रंगाचं पीस धनुष्यापासून बाहेरच्या बाजूला येईल असा नॉक बसवा.

चिकटवून झाल्यावर प्रत्येक पिसाच्या पुढच्या टोकावर, जिथे दांडा शाफ्टला मिळतो तिथे, गोंदाचा एक थेंब द्या आणि बोटाने गुळगुळीत करा. हे टोक उचललं गेलं तर शेल्फजवळच्या हाताची त्वचा सुरीसारखी कापतं. शेल्फवरून मारताना होणाऱ्या जखमांत मी सर्वात जास्त वेळा पाहिलेली हीच.

पावसात पिसं भिजली की जड होतात आणि चपटी पडतात. सराव संपल्यावर बाण मोकळ्या हवेत उभे ठेवून वाळवा, मग किटलीच्या वाफेवर धरा, पिसं पुन्हा उभारतात. वाफ फक्त पिसांना द्या.

उरलेले बाण

बाकीचे तीन शाफ्ट त्याच लांबीला कापा, तेच इन्सर्ट, तोच पॉइंट. पिसं लावण्याआधी प्रत्येक शाफ्ट बेअर मारून बघा. एखादा गटातून सतत बाहेर जात असेल तर त्याचा नॉक पाव फेरी फिरवून पुन्हा मारा. कार्बनच्या नळीची एक बाजू दुसरीपेक्षा थोडी ताठ असते, आणि ती बाजू कुठे येते यावर फरक पडतो. चारही जागा फिरवून बसला नाही तर तो शाफ्ट सरावासाठी बाजूला काढा. जी जागा जुळली तिथे पांढरी खूण करा.

एक बाण कायम बिनपिसांचा ठेवा, त्याच वजनाची टेप गुंडाळून. दर पंधरा दिवसांनी आणि दोरी बदलली की पहिले सहा बाण त्याच्यासोबत मारा. तो हलला असेल तर आधी ब्रेस हाइट आणि नॉकिंग पॉइंट मोजा, बहुतेक वेळा तिथेच कारण सापडतं.

वहीत एकाच पानावर लिहा: धनुष्य, हातावरचे पाउंड, खेच, ब्रेस हाइट, नॉकिंग पॉइंट, दोरीचा धागा, शाफ्टचं स्पाइन, लांबी, इन्सर्ट, पॉइंट, पिसं, एकूण वजन, तारीख. पुढचा अर्धा डझन करताना हे पान समोर ठेवलं की काम एका दुपारचं होतं.

आणि प्रत्येक बाण दोरीला लावण्याआधी दोन्ही टोकं धरून, चेहऱ्यापासून लांब, चारही दिशांना हलकेच वाकवा आणि कान देऊन ऐका. करकर ऐकू आली, बोटाला तंतू लागला किंवा भेग दिसली तर तो बाण तिथेच मोडून टाका, म्हणजे चुकून कुणी उचलणार नाही. दगडावर आपटलेला, दुसऱ्या बाणाला घासलेला बाण तर वाकवल्याशिवाय कधीच मारायचा नाही. सुटताना फुटलेला कार्बन हाताच्या मांसात शिरतो.